एका शिक्षकापुढें किती मुलें?
(महोत्सवप्रसंगीं गारगोटी येथें दिलेलें व्याख्यान)



या व्याख्यानास विषय कोणता घ्यावा हें चालकांनीं माझ्यावर सोंपविलें होतें. मी शाळेचा विषय घेतला, आणि त्यांतहि एक अगदीं साधा प्रश्न घेतला: एका शिक्षकापुढें किती मुलें बसावीं? मुलाचें नांव शाळेंत घालतांना आपण फी विचारतों, माध्यम विचारतों, गणवेश कोठें मिळेल तेंहि विचारतों. हा प्रश्न मात्र क्वचितच विचारतों, आणि विचारलाच तर मिळालेल्या आंकड्याचा अर्थ काय लावावा हें आपणांस कळत नाहीं.

गारगोटीस हा प्रश्न परका नव्हे. करवीर संस्थानांत शाहू छत्रपतींनीं १९१७ सालीं प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचें केलें. सर्वांचीं मुलें शाळेंत आलीं पाहिजेत असें एकदां ठरलें कीं त्यांना शिकवावयास माणसें किती, हा प्रश्न पाठोपाठ येतोच. पुढें स्वातंत्र्यानंतर ज्यांच्या पुढाकारानें येथें मौनी विद्यापीठ उभें राहिलें, ते डॉ. जयंत पांडुरंग नाईक शेजारच्या आजरें तालुक्यांतील बहिरेवाडीचे. १९६४ ते १९६६ या काळांतील कोठारी आयोगाचे ते सदस्य-सचिव होते. एकशिक्षकी शाळा या विषयावर त्यांनीं स्वतंत्र पुस्तक लिहिलें. आणि १९७५ सालच्या पुस्तकांत समता, गुणवत्ता व संख्या या तिन्ही गोष्टींचा मेळ घालणें किती दुर्घट आहे याची चर्चा केली. सर्व मुलांना शिकवावयाचें, सारख्या रीतीनें शिकवावयाचें, आणि शिवाय चांगलें शिकवावयाचें! तिहींपैकीं दोन साधलीं कीं तिसरें निसटतें.

जुन्या पंतोजीच्या शाळेंत वर्ग असे नव्हतेच. प्रत्येक मूल आपल्या धूळपाटीवर आपल्या पायरीवरचें अक्षर गिरवी, मोठीं मुलें धाकट्यांस उजळणी देत, आणि पंतोजी एकेकास जवळ बोलावी. दक्षिणेंतील अशाच एका शाळेंत वाळूंत अक्षरें काढणारीं मुलें पाहून मद्रासच्या अनाथ मुलांच्या आश्रमाचे अधीक्षक अँड्र्यू बेल यांस युक्ति सुचली, व १७९७ सालीं त्यांनीं ती प्रसिद्ध केली. एका शिक्षकाच्या देखरेखीखालीं शेंकडों मुलें, आणि मध्यें शिकविणारे लहान नायक, अशी ती पद्धत विलायतेस गेली व तेथून पुन्हां मुंबई इलाख्यांतील शाळांत आली. आपलेंच धान्य परदेशीं दळून परत आलें म्हणावयाचें!

त्यापूर्वीं शंभर वर्षें, फ्रान्समध्यें संत जॉन बाप्टिस्ट द ला साल यांनीं गरिबांच्या मुलांसाठीं शाळा काढल्या, तेव्हां एकेकास पाळीपाळीनें शिकविण्याचा प्रघात सोडून त्यांनीं सर्व वर्गाला एकदम, व तेंहि लॅटिनऐवजीं मातृभाषेंतून, शिकविण्याचा परिपाठ घातला. आपल्या आजच्या वर्गाचें रूप बव्हंशीं तेंच आहे. थोड्या शिक्षकांत पुष्कळ मुलें शिकावीं म्हणून ती सोय झाली. परंतु सोयीची किंमत द्यावी लागते, व ती मागच्या बांकावरचें मूल देतें.

हिशेबच मांडूं. चाळीस मिनिटांचा तास आणि साठ मुलें. शिक्षकानें फळ्याकडे पाठ फिरविली नाहीं, कोणास रागें भरला नाहीं, हजेरीहि घेतली नाहीं, तरी एका मुलाच्या वांट्यास चाळीस सेकंद येतात. निबंधाची एक वही मन लावून तपासावयास तीन मिनिटें धरलीं तर साठ वह्यांस तीन तास लागतात. मग वहीवर बरोबरची खूण आणि खालीं सही, एवढेंच उरतें. शिक्षक आळशी आहे असा त्याचा अर्थ नव्हे. वीस मुलें असतां तेंच काम एका तासांत होतें, आणि चूक कोठें झाली हें मुलास तोंडीं सांगावयास अवकाश राहतो.

तर मग मुलें कमी केलीं कीं झालें? येथें मात्र थोडें थांबलें पाहिजे. अमेरिकेंतील टेनेसी राज्यांत १९८५ ते १९८९ या चार वर्षांत मोठा प्रयोग झाला. सुमारें ८० शाळांतील बालवर्ग ते तिसरी इयत्तेचीं अकरा हजारांहून अधिक मुलें चिठ्ठ्या टाकाव्या तशीं वांटलीं. कांहीं वर्गांत १३ ते १७ मुलें, कांहींत २२ ते २५, आणि कांहीं मोठ्या वर्गांत शिक्षकाच्या मदतीस आणखी एक मदतनीस. लहान वर्गांतील मुलें वाचनांत व गणितांत पुढें गेलीं. गरीब व कृष्णवर्णीय घरांतील मुलांना तर अधिकच लाभ झाला. मदतनीस दिलेल्या वर्गांत मात्र फारसा फरक पडला नाहीं. हें ऐकून १९९६ सालीं कॅलिफोर्निया राज्यानें खालच्या इयत्तांचे वर्ग तीसच्या आसपासचे होते ते वीसवर आणण्याची घाई केली. एकाएकीं हजारों शिक्षक हवे झाले, अननुभवी माणसें भरावीं लागलीं, आणि अपेक्षिलेलें फळ स्पष्टपणें हातीं लागलें नाहीं.

आपल्याकडील पुरावा याहूनहि बोलका आहे. मुंबई व बडोदें येथें ‘प्रथम’ या संस्थेनें मागें पडलेल्या मुलांना रोज दोन तास वर्गाबाहेर नेऊन वस्तींतीलच एका तरुण ‘बालसखी’कडून शिकविण्याची व्यवस्था केली. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००७ सालीं त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. बालसखीकडे गेलेल्या मुलांची प्रगति झाली. पण वर्गांत जीं राहिलीं, ज्यांचा वर्ग त्या दोन तासांपुरता आपोआप लहान झाला, त्यांच्यांत फरक दिसला नाहीं. शिक्षक साठांना सांगत होता तोच धडा त्याच सुरांत चाळिसांना सांगत राहिला तर चाळिसांना काय अधिक मिळणार? माझ्या मतें या प्रश्नाची किल्ली येथें आहे. संख्या कमी झाल्यानें शिक्षकास मुलाजवळ जाण्याची संधि मिळते. त्या संधीचा उपयोग तो करतो कीं नाहीं हें त्याच्या तयारीवर आहे. आणि पहिली-दुसरीच्या कोवळ्या वयांत ही संधि जितकी मोलाची, तितकी ती दहावींत नसते.

कायदा काय म्हणतो तेंहि पाहूं. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणें पहिली ते पांचवीपर्यंत ६० मुलांस दोन शिक्षक, ९० पर्यंत तीन, १२० पर्यंत चार. सहावी ते आठवींत दर ३५ मुलांस निदान एक. कागदावर हें समाधानकारक दिसतें. परंतु ६० मुलांच्या शाळेंतील दोघांपैकीं एक शिक्षक जनगणनेच्या किंवा निवडणुकीच्या कामास गेला कीं उरलेल्याच्या पुढें साठ मुलें आणि सगळ्या इयत्ता! सरासरी तीसच राहते, वर्ग मात्र साठांचा होतो. आणि कागदाचें म्हणाल तर २०११ च्या ऑक्टोबरांत राज्यभर पटपडताळणी झाली, तेव्हां पटावरचीं पुष्कळ मुलें शाळेंत नव्हतींच असें आढळलें.

आतां आपल्या डोंगरपट्टीकडे वळूं, कारण तेथें प्रश्न उलटा झाला आहे. वेदगंगेच्या कांठानें पाटगांवाकडे जातांना वाड्या विखुरलेल्या लागतात. अशा मुलुखांत पट मुळांतच लहान असतो, आणि घरें रोजगारासाठीं शहराकडे गेलीं कीं तो आणखी घटतो. २०१७ च्या डिसेंबरांत राज्यांतील दहाहून कमी पटाच्या सुमारें तेराशें शाळा जवळच्या शाळांत मिळविण्याचा निर्णय झाला. २०२३ सालीं वीसहून कमी पटाच्या शाळांच्या ‘समूहशाळा’ करण्याचे प्रस्ताव शिक्षणखात्यानें मागविले, व पुणें जिल्ह्यांतील पानशेत आणि नंदुरबार जिल्ह्यांतील तोरणमाळ हे नमुने पुढें ठेविले.

या धोरणाच्या बाजूनें जें खरें आहे तें प्रथम सांगतों. सात मुलें आणि चार इयत्ता, एकच शिक्षक, याला टेनेसीच्या अर्थानें लहान वर्ग म्हणतां येत नाहीं. तिसरीच्या एकट्या मुलीस बरोबरीचें कोणी नाहीं, खेळावयास गडी नाहीं, वाद घालावयास सवंगडी नाहीं. शिक्षक आजारी पडला कीं शाळा आजारी पडते. मोठ्या शाळेंत निराळ्या विषयांस निराळे शिक्षक, ग्रंथालय व क्रीडांगण मिळूं शकतें.

तथापि हें सर्व मुलगी तेथवर पोंचली तरच. प्राथमिक शाळा एका किलोमीटरच्या आंत असावी असा आपल्या राज्याचा नियम आहे, आणि तो सहा वर्षांच्या पायांकडे पाहून केलेला आहे. आषाढांत ओढा भरला म्हणजे नकाशावरचा किलोमीटर निरुपयोगी होतो. गाडी देऊं म्हणून सांगतात. ती दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीं चालू राहील याची हमी कोण देणार? गाडी बंद पडली कीं मुलगे नातलगांकडे राहावयास जातात, व मुलींची शाळा सुटते. म्हणून माझें मत असें कीं, जेथें वाट बारमाही व सुरक्षित आहे तेथें शाळा एकत्र करण्यास हरकत नसावी. जेथें ती तशी नाहीं तेथें सात मुलांचीहि शाळा ठेवावी, आणि पंतोजीची जुनी रीत, म्हणजे प्रत्येकास त्याच्या पायरीवरून शिकविणें व थोरल्यांकडून धाकट्यांची उजळणी घेणें, ही शिक्षकांच्या प्रशिक्षणांत मानानें परत आणावी. चार इयत्ता एकत्र शिकविण्याचें कसब हें कमी दर्जाचें काम नव्हे. तें अधिक कठीण आहे.

शेवटीं आपल्या हातीं काय आहे तें सांगतों. कायद्यानें प्रत्येक सरकारी व अनुदानित शाळेस व्यवस्थापन समिति दिली आहे. तींत तीन-चतुर्थांश सभासद पालक असतात, व निम्म्या स्त्रिया. आपल्यापैकीं ज्यांचीं मुलें अशा शाळेंत आहेत त्यांनीं पुढच्या सभेस जावें. सप्टेंबरअखेरच्या पटावर शिक्षकांची संख्या ठरते, म्हणून तो पट खरा लिहिला आहे कीं नाहीं हें त्यापूर्वीं पाहावें. किती शिक्षक मंजूर आहेत, किती प्रत्यक्ष वर्गावर आहेत, व गेल्या महिन्यांत किती दिवस ते बाहेरच्या कामावर होते, हे तीन आंकडे मागावे व सभेच्या वहींत लिहवून घ्यावे. आणि आपल्या मुलाची निबंधाची वही घरीं आणवून, तींत शिक्षकाच्या हातचें सहीखेरीज दुसरें एखादें वाक्य आहे का, तें पाहावें.