लाकूड-व्यापाऱ्याचा वाडा

घर पाहून घरधन्याचा धंदा ओळखता यावा, असे फार थोड्या घरांच्या बाबतीत घडते. सावकाराचे घर आणि वकिलाचे घर बाहेरून सारखेच दिसते. पण कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर, सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेस सुमारे सव्वाचारशे किलोमीटरवर युरेका नावाचे एक बंदर आहे. तेथे रस्ता जिथे संपतो, तिथे खाडीकडे पाठ करून उभे असलेले एक घर पाहिले, की हा गृहस्थ लाकडाचाच व्यापारी असला पाहिजे, हे कोणी सांगावे लागत नाही. मनोरे, सज्जे, महिरपी, कातलेले खांब, खवल्यांसारख्या फळ्या! डोळ्याला विसावा मिळेल एवढीही भिंत सुतारांनी मोकळी सोडलेली नाही.

हे घर विल्यम कार्सन याचे. १८८४ साली त्याचे काम सुरू झाले आणि १८८६ साली संपले. सॅम्युएल आणि जोसेफ न्यूसम या बंधूंनी त्याचा आराखडा केला आणि शंभराहून अधिक कारागीर त्यावर राबले. व्हिक्टोरिया राणीच्या काळात रूढ असलेल्या बहुतेक साऱ्या घरबांधणीच्या शैली या एका घरात दाटीवाटीने नांदत आहेत. धंद्यात मंदी आली असता आपल्या माणसांना काम मिळावे, म्हणून कार्सनने हा खटाटोप केला, असे सांगतात. ते खरेही असेल. मात्र निव्वळ परोपकारासाठी कोणी एवढा उंच मनोरा चढवीत नाही, असे मला आपले वाटते.

कार्सनचा जन्म १८२५ सालचा, कॅनडातल्या न्यू ब्रन्सविक प्रांतातला. सोन्याच्या शोधात जी हजारो माणसे कॅलिफोर्नियात लोटली, त्यांत तोही होता. सोन्याने अनेकांना हुलकावणी दिली; परंतु हम्बोल्ट उपसागराच्या काठी त्याला दुसरीच खाण दिसली. ती रेडवुड वृक्षांची. हा वृक्ष शंभर मीटरांहूनही उंच वाढतो आणि दोन हजार वर्षे जगू शकतो. त्याचे लाकूड सहसा कुजत नाही, वाळवीही त्याला सहजासहजी शिवत नाही. झपाट्याने वाढणाऱ्या सॅन फ्रान्सिस्कोला असेच लाकूड हवे होते. रेल्वे युरेकाला पोहोचली ती १९१४ साली. तोवर सारा माल गलबतांतून जाई.

अडचण होती ती अरण्यातून ओंडका बाहेर आणण्याची. बैलांच्या लांबलचक जोड्या आडव्या टाकलेल्या लाकडांवरून तो ओढीत असत. कार्सनचा भागीदार जॉन डॉल्बीर हा पूर्वी जहाजांवर काम केलेला माणूस. जहाजाचा नांगर ज्या उभ्या रहाटाने ओढतात, तसाच रहाट त्याने वाफेच्या इंजिनाला जोडला आणि १८८२ साली त्याचे पेटंट घेतले. लोकांनी त्या यंत्राला 'वाफेचे गाढव' म्हटले. एवढ्या मोठ्या क्रांतीला इतके गरीब नाव क्वचितच मिळाले असेल! या गाढवाला चारा नको, विसावा नको. जिथे बैल पोहोचत नव्हते, तिथे दोर पोहोचू लागला.

घराच्या पायथ्याशी, पाण्याच्या काठाला कार्सनची गिरणी होती. आपल्याकडे लाकडावरील नक्षी म्हटली, की पुण्याच्या विश्रामबागवाड्याचा दर्शनी भाग आठवतो आणि पटाशी घेऊन बसलेला सुतार डोळ्यांपुढे येतो. व्हिक्टोरियन काळातील अमेरिकन घरांवरची नक्षी बरीचशी निराळ्या जातीची. वाफेवर चालणारी करवत आणि कातयंत्र आल्यावर कठड्याचे शंभर खांब एका मापाचे निघू लागले आणि वेलबुट्टी जवळजवळ वारावर मिळू लागली. कार्सनचे घर म्हणजे त्या विद्येची जणू नमुन्यांची वहीच. गंमत अशी, की घराचा देह रेडवुडचा असला, तरी आतील दालनांसाठी मध्य अमेरिकेतून प्रिमाव्हेरा नावाचे फिकट, तुकतुकीत लाकूड मुद्दाम आणवले होते. जगाला रेडवुड विकणाऱ्याला घरात परदेशी लाकडाची हौस! आपल्या वखारीतला माल पाहुण्यांपुढे मांडणे व्यापाऱ्याला बहुधा कमीपणाचे वाटत असावे.

समोरच, रस्त्याच्या पलीकडे, मुलाच्या लग्नाची भेट म्हणून १८८९ साली बांधलेले लहान घर आहे. त्याच्या रंगावरून लोक त्याला 'गुलाबी बाई' म्हणतात. माझी नजर तेथे फार रेंगाळत नाही. ती जाते उपसागरातल्या एका बेटाकडे. वियोट नावाच्या मूळ रहिवाशांचे ते पवित्र स्थान. १८६० सालच्या फेब्रुवारीत, त्यांच्या वार्षिक विधीच्या दिवसांत, गोऱ्या वसाहतवाल्यांच्या एका टोळीने रात्री तेथे झोपलेल्या बायका, मुले आणि म्हातारी माणसे कापून काढली. कोणालाही शिक्षा झाली नाही. घर त्यानंतर पंचवीसएक वर्षांनी उभे राहिले. त्या हत्येशी कार्सनचा संबंध जोडणे अन्यायाचे होईल. पण त्या किनाऱ्यावरची वैभवे कोणत्या जमिनीवर उभी राहिली, हे सांगितल्यावाचून घराचे वर्णन पुरे होत नाही.

कार्सन १९१२ साली वारला. १९५० साली वाडा घराण्याच्या हातून गेला आणि स्थानिक व्यापाऱ्यांच्या एका मंडळाने तो विकत घेतला. कार्सनच्या आवडत्या नाटकाच्या नावावरून ते 'इन्गोमार क्लब' म्हणवते. घराची निगा उत्तम आहे, मात्र दार सभासदांपुरतेच उघडते. इतरांनी पदपथावरून पाहावे. जुन्या रेडवुड अरण्यापैकी शेकडा पाचच्या आसपास उरले आहे. त्यातले काही राखण्यासाठी १९६८ साली युरेकाच्या उत्तरेस राष्ट्रीय उद्यान झाले. आणि ते बेट? युरेकाच्या नगरपालिकेने २०१९ साली आपल्या ताब्यातला त्याचा उरलेला भाग वियोट लोकांना परत केला. २०१४ साली, म्हणजे चौपन्न वर्षांनंतर नव्हे, तर एकशे चौपन्न वर्षांनंतर, त्यांनी तेथे तो अपुरा राहिलेला विधी पुन्हा केला होता.