ठोक्याचें व्यंजन आणि स्वर

शाळेंत मुळाक्षरें शिकवितांना मास्तर मुलांकडून ‘का’ हें अक्षर मोठ्यानें म्हणवून घेतात. प्रथम जिभेचा मागला भाग टाळूला टेकून सुटतो आणि व्यंजन फुटतें; मग श्वास पुरेल तोंवर स्वर लांबत जातो. व्यंजन निमिषांत संपतें, स्वर मात्र रेंगाळतो. आतां उशिरानें वर्गांत आलेल्या एखाद्या मुलाच्या कानांवर केवळ तो लांबलेला ‘आ’ पडला, तर इतर मुलें ‘का’ म्हणत आहेत, ‘ता’ म्हणत आहेत कीं ‘पा’, हें त्याला सांगतां यावयाचें नाहीं. अक्षराची ओळख पहिल्या क्षणींच सांगून झालेली असते. वाद्यांच्या नादाचेंही असेंच आहे.

याचा एक प्रसिद्ध दाखला नभोवाणीच्याच इतिहासांत सांपडतो. १९४८ सालीं पॅरिस येथें फ्रेंच नभोवाणींत काम करणाऱ्या पिएर शेफर यांनीं घंटेचा नाद मुद्रित केला. मात्र टोला पडण्याचा आरंभींचा भाग त्यांतून वगळला. उरलेला नाद ऐकतांना घंटेची ओळख पटेना. तो एखाद्या फुंकून वाजविण्याच्या वाद्याचा वाटूं लागला. घंटा तीच, धातु तोच. केवळ आरंभ नाहींसा झाला आणि त्याबरोबर ओळखही गेली.

आरंभावर जगणारें ड्रमसारखें दुसरें वाद्य क्वचितच असेल. पाश्चात्य लोकप्रिय संगीतांतील ड्रमच्या संचांत पायानें वाजविण्याचा बास ड्रम, खालच्या तारांमुळें चरचरणारा स्नेअर, दोन-तीन टॉम आणि कांशाच्या झांजा असतात. ध्वनिमुद्रणाच्या वेळीं बहुतेक प्रत्येक ड्रमजवळ एक मायक्रोफोन ठेवतात, आणखी दोन वर टांगतात, आणि कधीं कधीं खोलीच्या दूरच्या कोपऱ्यांतही एखादा ठेवतात. या सर्व मुद्रणांचा गाण्याशीं मेळ घालणें हें मिश्रणकाराचें काम. ड्रम एकटे वाजत असतां छान वाटतात. परंतु गिटार, पियानो आणि गायकाचा आवाज त्यांत मिसळला कीं ठोक्याचें टोंक बुडूं लागतें. मग स्नेअरचा आवाज वाढवावा, तर आघाताबरोबर त्याची आस, म्हणजे मागें रेंगाळणारा नाद, हीही वाढते आणि गायकाच्या शब्दांवर पसरते. व्यंजन ऐकूं यावें म्हणून स्वरालाही ओरडावें लागतें, अशी ही अडचण आहे.

पूर्वीं आस कमीजास्त करावयाची तर जागाच बदलावी लागे. लेड झेपेलिन या इंग्लिश वाद्यवृंदाच्या १९७१ सालच्या ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’ या गाण्यांत जॉन बोनम यांचे ड्रम हेडली ग्रेंज नांवाच्या जुन्या वास्तूंत, जिन्याच्या पायथ्याशीं मांडले होते आणि मायक्रोफोन वर जिन्यांत टांगले होते. त्या उंच पोकळींतला घुमारा हेंच त्या मुद्रणाचें वैभव झालें. उलट १९८० च्या सुमारास लंडनमध्यें ह्यू पॅजम या ध्वनिमुद्रकानें फिल कॉलिन्स यांच्या ड्रमचा घुमारा प्रथम फुगविला आणि मग ‘गेट’ नांवाच्या यंत्रानें तो मध्येंच कापून टाकला. १९८१ सालच्या ‘इन द एअर टुनाइट’ या गाण्यांतून तो तुटका, भारदस्त ठोका जगभर पोंचला. परंतु जिना प्रत्येकाच्या घरीं नसतो, आणि गेट तर दरवाजासारखें उघडतें किंवा मिटतें. मधली पायरी त्याला फारशी साधत नाहीं.

१९९८ सालीं जर्मनींतील एस. पी. एल. या कंपनीनें ‘ट्रान्झियंट डिझायनर’ नांवाचें यंत्र बाजारांत आणलें. त्याच्या प्रत्येक मार्गाला मुख्य खुंट्या दोनच: एक आघाताची, दुसरी आशेची नव्हे, तर आसेची. पहिलीनें ठोक्याचा आरंभ १५ डेसिबलपर्यंत वाढवितां किंवा घटवितां येतो, दुसरीनें मागला नाद २४ डेसिबलपर्यंत. १५ डेसिबल म्हणजे ध्वनिलहरीची उंची सुमारे साडेपांच पट, आणि २४ म्हणजे जवळजवळ सोळा पट. आज हेंच काम करणारीं अनेक साधनें संगणकांत मिळतात.

हें यंत्र आरंभ ओळखतें कसें? त्याच्या आंत जणूं दोन पहारेकरी असतात. एक चपळ, एक मंद. ठोका पडतांच चपळ पहारेकरी ध्वनीच्या उंचीबरोबर तत्काळ वर चढतो, मंद मात्र मागें राहतो. त्या दोघांमधील अंतर म्हणजेच आघात. पुढें नाद ओसरूं लागला कीं दुसरी एक जोडी असेंच मोजमाप करते: एक नादाबरोबर खालीं उतरतो, दुसरा बराच वेळ वर रेंगाळतो, तें अंतर म्हणजे आस. खुंटी फिरविली कीं त्या त्या अंतराच्या प्रमाणांत आवाज वाढतो किंवा घटतो.

येथेंच या साधनाचा खरा गुण दडलेला आहे. कॉम्प्रेसर नांवाच्या यंत्राला एक उंबरठा ठरवून द्यावा लागतो. त्याच्या वर गेलेला आवाज तें दाबतें, खालचा तसाच सोडतें. त्यामुळें जोराचे ठोके खालीं येतात आणि हलक्या ठोक्यांशीं त्यांचें अंतर कमी होतें. हें नवें साधन मात्र आवाज किती मोठा हें पाहत नाहीं, तो कसा चढला आणि कसा उतरला एवढेंच पाहतें. स्नेअरवर दोन ठळक ठोक्यांमध्यें वादक अगदीं अलगद, ऐकूं येतील न येतील असे ठोके टाकीत असतो. त्यांवरच गाण्याची चाल झुलत असते. त्या अलगद ठोक्यांनाही येथें जोराच्या ठोक्यांइतकाच न्याय मिळतो. वादकाच्या हाताची चढउतार शाबूत राहते.

म्हणून चांगला मिश्रणकार पुष्कळ वेळां आघाताला हातही लावीत नाहीं. तो प्रथम आस थोडी उतरवून पाहतो. स्वर आंखूड झाला कीं व्यंजन आपोआप स्पष्ट होतें. बास ड्रम गुळगुळीत वाटत असेल तर त्याचा आघात चार-पांच डेसिबल वाढवितो. दूरच्या मायक्रोफोनचें मुद्रण असेल तर उलट आघात कमी करून आस वाढवितो. खोली मोठी झाल्याचा भास होतो, आणि जवळच्या मायक्रोफोनच्या ठोक्याशीं तिची टक्कर होत नाहीं. तबल्याचें मुद्रण हातीं आलें तर तो अधिकच जपून वागतो. कारण डग्ग्यावर मनगट दाबून काढलेली मींड ही सगळी आसेंतच राहते, आणि आस छाटली तर तीही मरते.

धोकेही कमी नाहींत. स्नेअरच्या मायक्रोफोनमध्यें शेजारच्या झांजेचा नादही शिरलेला असतो; यंत्राला परका व आपला हा भेद कळत नाहीं, तें झांजेचा आघातही टोंकदार करतें. दुसरें असें कीं, संगणकांतील ध्वनीला वर एक पक्कें छत असतें. आघात ६ डेसिबलनें वाढविला कीं त्याचें टोंक दुप्पट उंच होतें, आणि शेवटीं गाणें मोठें करतांना तेंच टोंक छतापाशीं छाटलें जातें. म्हणजे एका हातानें दिलेलें दुसऱ्या हातानें काढून घेतल्यासारखें होतें. तिसरा धोका कानाचा आहे. जें मोठें वाजतें तें चांगलें वाटतें. म्हणून यंत्र लावून व काढून दोन्ही वेळां आवाजाची पातळी सारखी ठेवून तुलना केली पाहिजे, आणि तीही ड्रम एकटे ऐकून नव्हे, तर सबंध गाणें चालू ठेवून.

सगळ्यांत मोठी मर्यादा तर यंत्राच्या बाहेरचीच आहे. चामडें नीट ताणलेलें नसेल, ठोका कच्चा असेल, किंवा मायक्रोफोन भलत्या जागीं ठेवला असेल, तर खुंटी फिरवून तें सुधारत नाहीं. तोंडांतून न निघालेलें व्यंजन शुद्धलेखनानें ऐकूं येत नाहीं. प्रत्येक ठोक्याला सारखीच धार लावली तर ऐकणाऱ्याचे कान दोन-तीन कडव्यांतच शिणतात, आणि हा ठोका कोणत्या वादकाचा हें ओळखण्याची खूणही पुसली जाते.

जाणते मिश्रणकार यासाठीं एक साधा नेम पाळतात. फरक स्पष्ट कळेपर्यंत खुंटी फिरवावी आणि मग ती निम्मी मागें आणावी. अशा मिश्रणांत श्रोत्याला यंत्राची जाणीवही होत नाहीं. त्याला ऐकूं येतो तो कातड्यावर पडलेल्या काठीचा ठोका, आणि त्या काठीमागचा माणसाचा हात.