दाढेवर टोपण केव्हा बसवावे?

भाताच्या घासात खडा यावा, बारीकसा आवाज व्हावा आणि जेवणाऱ्याने हात थांबवून जिभेने दाढ चाचपून पाहावी, हा प्रसंग कोणत्याही घरात नवा नाही. बहुधा काही झालेले नसते. खडा ताटाच्या कडेला ठेवला जातो, तांदूळ निवडणाऱ्याच्या नावे चार शब्द खर्ची पडतात आणि जेवण पुढे चालू होते. पण एखाद्या वेळी जिभेला धारदार कड लागते आणि खड्याबरोबर दाढेचा तुकडाही तळहातावर येतो. सारा दोष मग त्या खड्याच्या माथी बसतो. वस्तुतः दाढ त्या दिवशी फुटलेली नसते. फुटण्याची तिची तयारी कित्येक महिने, क्वचित कित्येक वर्षे, आतल्या आत चाललेली असते.

दाताचे बाहेरचे आवरण, ज्याला दंतवैद्य एनॅमल म्हणतात, ते मानवी देहातील सर्वांत कठीण द्रव्य होय. परंतु या काठिण्याला एक उणेपण आहे. मोडलेले हाड सांधते, कापलेली त्वचा भरून येते. एनॅमल मात्र एकदा गेले की पुन्हा उगवत नाही, कारण ते घडविणाऱ्या पेशी दात हिरडीबाहेर येतानाच नाहीशा झालेल्या असतात. एनॅमलच्या खाली किंचित लवचीक असे दंतिन असते आणि त्याच्याही आत, मध्यभागी, रक्तवाहिन्या व मज्जातंतू यांनी भरलेला मऊ गाभा असतो.

दाढेचा माथा सपाट नसतो. त्यावर चार-पाच उंचवटे असतात आणि शेजारच्या दातांकडील दोन्ही बाजूंना, शेताला बांध असावा तसे, कडेचे दोन बांध असतात. हे बांध शाबूत आहेत तोवर उंचवटे एकमेकांना धरून राहतात. कीड पुष्कळदा दोन दातांच्या फटीत लागते, म्हणून तिच्यापायी आणि ती काढण्यासाठी केलेल्या कोरण्यापायी प्रथम बांधच फुटतो. दोन्ही बाजूंचे बांध गेले म्हणजे घराच्या तुळया काढून घ्याव्यात आणि नुसत्या भिंती उभ्या ठेवाव्यात, तशी दाढेची अवस्था होते. मध्ये चांदी किंवा सिमेंट भरलेले असले तरी ते पोकळी बुजवते. भिंतींना एकमेकींशी बांधण्याचे काम त्याच्याकडून पुरेसे होतेच असे नाही.

१९८९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, काढलेल्या उपदाढांवर हे मोजून पाहण्यात आले. केवळ रूट कॅनलसाठी केलेल्या छिद्राने दाताचा ताठपणा सुमारे ५ टक्केच घटला; माथ्यावर खाच कोरली असता सुमारे २० टक्के घटला; आणि दोन्ही बांध कोरून टाकले असता तो सुमारे ६३ टक्क्यांनी उतरला. रूट कॅनल केलेला दात वाळक्या लाकडासारखा ठिसूळ होतो, ही समजूत आपल्याकडे फार रूढ आहे. तीत तथ्य थोडे आहे. दात दुबळा होतो तो मुख्यतः त्याचे अंग गेल्यामुळे. तेव्हा विचारावयाचा खरा प्रश्न रूट कॅनल झाले की नाही हा नव्हे, तर दाताचे किती अंग उरले आणि त्याला कोणते ओझे वाहावयाचे आहे, हा होय.

येथे बेळगावकडील एका गृहस्थांची हकीकत सांगण्यासारखी आहे. त्यांची डावीकडील खालची पहिली दाढ किडली होती. ही दाढ वयाच्या सहाव्या वर्षाच्या सुमारास, एकही दुधाची दाढ पडण्यापूर्वी मागच्या बाजूस उगवते; त्यामुळे आईबाप तिला दुधाचीच समजतात आणि ती दुर्लक्षित राहते. गृहस्थांनी तीन खेपा घालून रूट कॅनल करून घेतले. ठणका थांबला. डॉक्टरांनी बजावले, "काका, महिन्याभरात कॅप बसवून घ्या." पण तो जून महिना होता. धाकट्या मुलीच्या शाळेची फी, वह्यापुस्तके, घराच्या कौलांची डागडुजी. न दुखणाऱ्या दाढेवर एवढी रक्कम घालणे त्यांच्या मनाला पटेना. दातदुखीने पिडलेल्यांची कैवारी म्हणून ख्रिस्ती लोक संत अपोलोनियाचे स्मरण करतात, इ. स. २४९ च्या सुमारास अलेक्झांड्रियात तिचे दात पाडून छळ करण्यात आला होता. पण ठणका एकदा थांबला की ती साध्वीही आठवत नाही आणि दंतवैद्यही आठवत नाही.

दिवाळीच्या फराळानंतर सुपारीचे खांड चावताना ती दाढ मधोमध दुभंगली. चीर मुळापर्यंत उतरली होती. एक उंचवटा तुटून पडला असता तर दाढ वाचविता आली असती. मुळापर्यंत चिरलेल्या दाढेला काढून टाकण्यावाचून बहुधा गती नसते. त्या जागी नवा दात बसविण्याचा खर्च त्यांनी विचारला, तेव्हा तो टोपणाच्या कित्येक पट निघाला. ती जागा अजून रिकामीच आहे.

हा प्रकार केवळ एकट्यादुकट्याचा नव्हे. २००२ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, रूट कॅनल केलेल्या दातांपैकी टोपण न बसविलेले दात, टोपण बसविलेल्यांच्या मानाने सुमारे ६ पट वेगाने गमावले गेल्याचे आढळले. अर्थात टोपण बसवून घेणारी माणसे दातांची निगाही अधिक राखत असतील, आणि मुळातच फार मोडलेल्या दातावर कोणी खर्च केला नसेल, हेही ध्यानात घ्यावयास हवे. तरी रूट कॅनल झालेल्या दाढेचे उंचवटे झाकून घ्यावेत, यावर दंतवैद्यांचे बहुतांशी एकमत आहे.

दुसरा प्रसंग अधिक फसवा असतो. दाढेत कीड दिसत नाही, क्ष-किरण चित्रही निर्मळ असते. पण विशिष्ट जागी भाकरीचा तुकडा चावला की कळ येते, आणि तीही दात मिटताना नव्हे, तर घास सोडताना. ही बारीक चिरेची खूण होय. चावताना चिरेचे दोन्ही ओठ फाकतात आणि दाब सुटताच एकदम मिटतात. त्या क्षणी आतल्या गाभ्याला डंख बसतो. १९६४ साली दंतवैद्यकात या विकाराला 'चिरलेल्या दाताचा विकार' अशा अर्थाचे नाव मिळाले. दंतवैद्य प्रत्येक उंचवट्यावर एक लहानशी पट्टी ठेवून चावावयास लावतो आणि चोर पकडतो. चीर खोल गेलेली नसेल तर टोपण तिला आवळून धरते. परंतु आरशात दिसणारी प्रत्येक उभी रेघ ही चीर नव्हे. प्रौढ माणसांच्या पुढच्या दातांवर अशा वरवरच्या रेघा सर्रास असतात आणि त्या निरुपद्रवी असतात.

टोपण काय करते हे समजण्यास बैलगाडीचे चाक आठवावे. लोहार तापवलेली लोखंडी धाव लाकडी चाकावर चढवतो. ती निवताना आकसते आणि चाकाचे सारे तुकडे एकत्र आवळते. पण लाकूडच कुजले असेल तर धाव कशाला धरणार? दाढेचेही तसेच आहे. हिरडीच्या वर सभोवार दीड ते दोन मिलिमीटर तरी निरोगी दात उरलेला असावा, म्हणजे टोपणाला पकड मिळते. तेवढा नसेल तर हिरडी थोडी खाली घेणे यांसारखे उपाय आहेत. तेही शक्य नसतील तेव्हा दात काढणे हेच प्रामाणिक उत्तर ठरते.

आता नाण्याची दुसरी बाजू. एकेकाळी धडधाकट दातावर सोन्याचे टोपण चढवून मिरविण्याची हौस होती. ती ओसरली; तिच्या जागी आता शुभ्र, एकसारख्या दातांची हौस आली आहे, आणि ती काही कमी घातक नाही. पूर्ण टोपणासाठी दात चारी बाजूंनी तासावा लागतो. पुष्कळदा दिसणाऱ्या भागाचा निम्म्याहून अधिक अंश त्यात जातो. तो परत येत नाही, आणि तासलेल्या जिवंत दाताचा गाभा पुढे मरण्याचाही संभव असतो. लहान कीड असेल, दोन्ही बांध शाबूत असतील, तर साधे भरणे पुरते. पुढच्या दाताचे रूट कॅनल मागून लहान छिद्र पाडून झाले असेल आणि बाकीचा दात भक्कम असेल, तर त्यालाही टोपण लागतेच असे नाही, कारण त्याला घास तोडावयाचा असतो, दळावयाचा नसतो. काही दाढांना नुसते माथ्यापुरते झाकण पुरते. ते बसवणारा हात मात्र कुशल हवा.

टोपण कशाचे असावे, यावर दवाखान्यात फार वेळ खर्च होतो. धातूचे, धातूवर चिनी माती चढविलेले, अलीकडचे झिरकोनियाचे, असे प्रकार आहेत. मागच्या, कोणाला न दिसणाऱ्या दाढेला साध्या धातूचे टोपण उत्तम काम देते आणि त्यासाठी दातही कमी तासावा लागतो. ज्यांनी केवळ महाग टोपण परवडत नाही म्हणून काम लांबणीवर टाकले आहे, त्यांनी हे डॉक्टरांना मोकळेपणाने विचारावे. तसेच, टोपण सुचविले गेल्यास, किती अंग उरले आहे ते आरशात किंवा चित्रात दाखवा, असे म्हणण्यात संकोच बाळगू नये. टोपणाला कीड लागत नाही. टोपण आणि दात यांच्या सांध्यावर मात्र ती लागते, म्हणून हिरडीलगतची ती रेघ रोज घासावी लागते. बसविल्यानंतर दात मिटताना टोपण आधी टेकते असे वाटले, तर सवय होईल म्हणून वाट न पाहता परत जाऊन ते घासून घ्यावे.

त्या बेळगावकडील गृहस्थांच्या उजव्या दाढेचेही पुढे दोन वर्षांनी रूट कॅनल झाले. या खेपेस घरच्या मंडळींनी त्यांना विचारलेच नाही. तीन आठवड्यांत धातूचे टोपण बसले. सुपारी सोडण्याविषयीची बोलणी अद्याप चालू आहेत.