हवाई परवानगी आणि कावेरीकाठचा प्रवासी

कुंभकोणमच्या कामगाराला सिंगापूर गाठायचे तर तिरुचिरापल्लीचे विमानतळ जवळचे. परदेशी कंपनीने कोणत्या शहरात उतरावे, हे दोन सरकारांमधील हवाई करार ठरवतो. २००३ मध्ये भारताने आसिआन देशांच्या विमान कंपन्यांना १८ पर्यटनस्थळे उड्डाणसंख्येच्या मर्यादेविना देऊ केली. त्या यादीत तिरुचिरापल्ली होते, तसेच औरंगाबादही (आजचे छत्रपती संभाजीनगर). तिरुचिरापल्लीला सिंगापूर, क्वालालंपूरची नियमित विमाने लाभली. कावेरी खोऱ्यातील माणसे तेथे पिढ्यान्‌पिढ्या कामाला जातात. वेरूळ-अजिंठा पाहायला येणारा पर्यटक हंगामी. तेथे परवानगी बव्हंशी कागदावरच राहिली. दुबईला निघालेल्या मजुरासाठी मात्र ही मोकळीक नाही. त्या करारात आठवड्याच्या आसनांची कमाल संख्या बांधलेली आहे. मागणी वाढूनही ती संख्या तशीच राहिली की तिकीट महागते, आणि तो भुर्दंड मजुराच्या पहिल्या पगारातून जातो.