विमान रद्द झालं, तर कुणाचे पैसे बुडतात?

बचत गटाच्या सहली आता विमानानंही निघतात. वर्षभर साठवलेला पैसा असतो तो. डिसेंबर २०२५ मध्ये देशभर विमानं रद्द झाली, हजारो प्रवासी अडकले. म्हणून आज आम्ही प्रवास विम्याबद्दल बोलतो आहोत.

आधी हे लक्षात ठेवा. विमान कंपनीनं विमान रद्द केलं, तर दुसरं विमान किंवा तिकिटाचे पैसे तिनंच द्यायचे असतात. त्यासाठी विमा लागत नाही. बुडतात ते बाकीचे पैसे: खोल्यांचं आगाऊ भाडं, ठरवलेली गाडी, पुढचं रेल्वेचं तिकीट. विमा बघायचा तो यासाठी.

तिकीट काढताना विम्याच्या चौकोनात नुसती खूण करू नका. तीन गोष्टी विचारा. किती तास उशीर झाल्यावर पैसे मिळतात? धुकं, संप, बिघाड यांतलं काय धरतात? खोलीचे पैसे कितीपर्यंत देतात? नुसता अपघात विमा असेल, तर उशिराचं काही मिळत नाही. रेल्वेच्या ऑनलाइन तिकिटावरचा ४५ पैशांचा विमाही अपघाताचाच असतो.

संप जाहीर झाल्यावर घेतलेला विमा सहसा त्या संपाला लागू होत नाही. म्हणून तो तिकिटाबरोबरच घ्या. अडकलात, तर विमान कंपनीकडून लेखी दाखला मागा, पावत्या जपा. दावा नाकारला, तर आधी विमा कंपनीकडे लेखी तक्रार करा. तिथं न्याय मिळाला नाही, तर विमा लोकपालाकडे जा; तिथं फी लागत नाही.

पैसे भरण्याआधी पॉलिसीचा कागद बैठकीत सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचा बरं का!