न विचारलेलं दुखणं

आरोग्याच्या या भागात आज आम्ही एका मोजणीची गोष्ट सांगणार आहोत. विषय अंगावरून जाण्याचा, ओटीपोटाचा आहे. शेजारी सासूबाई बसल्या असतील तर रेडिओ बंद करू नका. त्यांच्याही कामाचंच आहे.

बाळंतपणं किती झाली, नसबंदीची ऑपरेशनं किती झाली, याचे आकडे सरकारदरबारी पूर्वीपासून असायचे. पण अंगावरून पांढरं जाणं, खाज, आग, कंबरेत सतत कळ, पाळीचा त्रास, हे किती जणींना आहे, याचा हिशोब कुठेच नव्हता. बाईचं आरोग्य म्हणजे पोर होणं नाहीतर पोर थांबवणं, एवढंच धरलं जायचं.

१९८६ साली डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग गडचिरोलीत आले आणि त्यांनी ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. राणीताई स्त्रीरोगतज्ज्ञ. त्यांनी ठरवलं की दवाखान्यात बसून वाट पाहायची नाही, कारण दवाखान्यात येते ती पोहोचू शकलेली बाई. न पोहोचलेली मोजायची तर गावातच जायला हवं. जिल्ह्यातल्या दोन गावांत ६५० बायकांशी बोलणं झालं, त्यांची आतून तपासणी झाली, प्रयोगशाळेतल्या चाचण्या झाल्या. आतून तपासणी करून घ्यायला आज तालुक्याच्या गावातसुद्धा बाई बिचकते. त्या काळात ६५० जणी तयार झाल्या, हे आम्हाला आकड्यांइतकंच मोठं वाटतं.

जानेवारी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या इंग्लंडच्या वैद्यकीय साप्ताहिकात हा अभ्यास छापून आला. शंभरातल्या ९२ बायकांना स्त्रीरोगाचा किंवा लैंगिक संबंधातून होणारा एक तरी आजार होता. सरासरी काढली तर एकेकीला साडेतीनहून जास्त. त्यातले निम्मे आजार जंतुसंसर्गाचे. आणि आधी कधी अशी तपासणी आणि उपचार झालेल्या किती? शंभरात ८.

आकडे डोक्यावरून जात असतील तर आपला पंधरा जणींचा बचत गट डोळ्यांसमोर आणा. त्या हिशोबाने चौदा जणींना काही ना काही आजार, आणि आजवर तपासून आलेली एकच. अर्थात हे दोन गावांचे आकडे आहेत, प्रत्येक गावात तंतोतंत तेवढेच निघतील असं नाही.

अजून एक गोष्ट नीट ऐका. तोंडाने तक्रार सांगितली ती शंभरात ५५ जणींनी. म्हणजे काही त्रास नाही म्हणणाऱ्यांतही बहुतेकींना आजार निघाला. काही आजार आत असून जाणवत नाहीत, हे एक कारण. दुसरं आपण सगळ्या जाणतो. ‘बाईच्या जातीला हे असायचंच’, ‘उष्णता झाली असेल’ असं म्हणून आपण दुखणं अंगावर काढतो. आणि विचारणाराही कसा असतो? टेबलापलीकडे पुरुष डॉक्टर, मध्ये पडदा नाही, दारात रांग उभी. तिथे ‘श्वेतप्रदर आहे का?’ असं विचारलं तर बाई नाहीच म्हणणार. ‘अंगावरून पांढरं जातं का गं?’ असं बाईनेच बाजूला घेऊन विचारलं तर ती बोलते. बाया या दुखण्याला काय म्हणतात, त्याचं कारण काय मानतात, यावर राणीताईंनी वेगळं लिहिलंही आहे. त्या डॉक्टर खऱ्या, पण हे काम समाजशास्त्राचं. उत्तर हवं तर प्रश्न कुणी, कुठे, कोणत्या शब्दांत विचारायचा, हे ज्याला कळलं त्यालाच ते जमतं.

पुढे १९९४ मध्ये कैरोला लोकसंख्येवर जागतिक परिषद झाली, तिथे बाईच्या प्रजनन आरोग्याचा मुद्दा मोठा झाला. आपल्या सरकारने १९९६ मध्ये नसबंदीची उद्दिष्टं देणं थांबवलं. कागदावर बरंच बदललं.

गावात किती बदललं, ते बीडकडे पाहून कळतं. २०१९ मध्ये राज्य सरकारच्या समितीसाठी ऊसतोडणीला जाणाऱ्या सुमारे ८२ हजार बायकांची पाहणी झाली. त्यातल्या १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली होती. कित्येक जणी चाळिशीच्याही आतल्या. पाळीत खाडा झाला की मुकादम पैसे कापतो, फडावर ना पाणी ना आडोसा. त्यात पांढरं जातंय म्हणून दवाखान्यात गेलं की ‘पिशवी खराब झालीय, कॅन्सर होईल’ ही भीती. ज्या संसर्गाला बऱ्याचदा औषधगोळ्यांनी उतार पडतो, त्यापायी अवयव गेला. आम्हाला याचा राग येतो, आणि तो लपवायचं कारण नाही.

म्हणून आता कामाचं. थोडं पातळ, बिनवासाचं पांढरं जाणं हे पाळीच्या चक्रात होतच असतं. वास येत असेल, दह्यासारखं किंवा हिरवट-पिवळं जात असेल, खाज असेल, ओटीपोटात दुखून ताप येत असेल, संबंधानंतर रक्त जात असेल, तर तपासून घ्या. काही संसर्गांत नवऱ्यालाही औषध घ्यावं लागतं, नाहीतर तुमचं बरं झालेलं पुन्हा उलटतं. पाळी कायमची गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं तर एक दिवससुद्धा थांबू नका.

कुणी पिशवी काढायला सांगितलं तर लगेच हो म्हणू नका. नेमका आजार काय, तो कोणत्या तपासणीत दिसला, औषधाने बरा होणार नाही का, हे विचारा. सोनोग्राफीचा कागद मागून घ्या आणि सरकारी रुग्णालयात दुसऱ्या डॉक्टरला दाखवा. पिशवीबरोबर अंडाशयंही काढणार का, हे तर विचाराच. ती कमी वयात गेली की हाडं लवकर ठिसूळ होतात.

तिशीपुढच्या बायकांसाठी गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरची तपासणी सरकारी कार्यक्रमात दर पाच वर्षांनी आहे, पैसे पडत नाहीत. आपल्याकडे ती कोणत्या वारी होते, डॉक्टरबाई असतात का, पडदा आहे का, हे आशाताईंना विचारा. एकटीने जायला संकोच वाटत असेल तर गटातल्या चार-पाच जणी मिळून एकाच गाडीने जा.