वाचनालयाची एक भिंत
(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या संस्थेच्या वाचनालयाविषयी दोन शब्द बोलावेत, अशी मला आज्ञा झाली आहे. मी कापडाचा व्यापारी. वाणिज्य शाखेची पदवी घेतली आणि गादीवर बसलो. पुस्तकांविषयी अधिकाराने बोलणारे येथे पुष्कळ आहेत. म्हणून मी वाचनालयाच्या भिंतीविषयी बोलणार आहे. त्या भिंतीवर वर्षातून काही वेळा चित्रांची प्रदर्शने भरावीत, एवढीच माझी विनंती आहे.

या विनंतीमागे घरातली एक गोष्ट आहे. माझा धाकटा भाऊ शाळेत असताना जुन्या बिलबुकांच्या कोऱ्या बाजूवर चित्रे काढीत असे. इंटरमिजिएट चित्रकला परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर त्याला मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत जावयाचे होते. वडिलांनी दुकानाची निकड सांगितली आणि मीही त्यांचीच री ओढली. भाऊ काही न बोलता दुकानात आला.

पुढे जवळजवळ चाळीस वर्षांनी शहरातील एका वाचनालयात स्थानिक हौशी चित्रकारांचे प्रदर्शन भरले. मी केवळ वर्तमानपत्रे चाळण्यासाठी गेलो होतो. भिंतीवर पाहतो तो आमच्याच दुकानातील फळी, तिच्यावर रचलेले तागे, आणि कोपऱ्यात भावाचे नाव! रात्री मी विचारले, "हे केव्हा काढलेस?" तो म्हणाला, "दादा, रोज दुकान वाढवल्यावर." इतकी वर्षे ते तागे मी मोजले होते, पाहिले मात्र नव्हते. दुसऱ्या दिवशी आमच्या बाजारातील एक हमाल सांगत आला, "शेठ, आपली फळी वाचनालयात टांगली आहे."

हा हमाल मोठ्या कलादालनात गेला असता काय? मी स्वतःही कधी गेलो नव्हतो. खरेदीसाठी मुंबईच्या मूळजी जेठा मार्केटला वर्षानुवर्षे जात होतो. १९५२ साली सुरू झालेली जहांगीर आर्ट गॅलरी तेथून फार दूर नाही, प्रवेशाला पैसेही पडत नाहीत. तरी पाऊल वळले नाही. याचे कारण मला दुकानाने शिकवले. आम्ही दुकानाला काचेचे दार बसविले, तेव्हा जुनी, साधी गिऱ्हाईके पायरी चढेनाशी झाली. भाव तोच, माल तोच. परंतु 'हे आपल्यासाठी नाही' असे त्यांना वाटू लागले. वाचनालयाला असे काचेचे दार नसते. तेथे वर्तमानपत्र वाचणारा, परीक्षेचा अभ्यास करणारा, घटकाभर सावलीला टेकणारा, सारेच निःसंकोच येतात. चित्र अशा ठिकाणी असेल तर ते न शोधताही माणसाला भेटते.

आपल्या परिसराला वाचनालयांची थोर परंपरा आहे. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचे, तर ठाण्याचे मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ सालचे. ठाण्याच्या संस्थेच्या संस्थापकांपैकी विनायक लक्ष्मण भावे हे मिठाच्या व्यवसायातले गृहस्थ. त्यांनीच 'महाराष्ट्र सारस्वत' हा मराठी वाङ्मयाचा इतिहास लिहिला. व्यापार आणि विद्या यांचे वैर नाही, हे दाखविण्यास याहून जवळचा दाखला कोणता? कलेच्या बाबतीतही आपली भूमी उणी नाही. गेटवे ऑफ इंडियासमोरील छत्रपती शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा घडविणारे सदाशिव ऊर्फ भाऊ साठे कल्याणचे. २०२१ साली ते निवर्तले. डोंबिवलीतील 'शिल्पालय' हे त्यांच्या कार्याचे स्मारक आहे.

आणि ग्रंथ व चित्र यांची सांगड आपल्या समाजाला नवी आहे काय? कल्पसूत्राच्या जुन्या पोथ्या आठवा. सोन्याची झळाळी, गडद निळी पार्श्वभूमी, गालाच्या रेषेबाहेर आलेला तो दुसरा डोळा! पोथीच्या शेवटी प्रशस्तीत ती लिहवून घेणाऱ्या श्रावकांची नावे येतात. त्यांत व्यापारीही असत. पावसाळा सरल्यावर कार्तिक शुद्ध पंचमीला, ज्ञानपंचमीला, पोथ्या बाहेर काढून झाडून-पुसून मांडण्याची व पूजण्याची आपली रीत आहे. ग्रंथभांडाराचे दार उघडून आतले वैभव सर्वांना दाखविणे, हेच तर प्रदर्शन!

आता व्यवहाराचे बोलतो. आपल्या वाचनालयाचे सभागृह समारंभांसाठी भाड्याने दिले जाते, त्यातून संस्थेला उत्पन्न मिळते, हे मी जाणतो. वर्षातून चार वेळा, प्रत्येकी आठ दिवस, म्हणजे एकूण बत्तीस दिवस ते भाडे सोडावे, अशी माझी प्रार्थना आहे. चित्रे टांगण्यासाठी भिंतीवर एक पट्टी बसवावी, म्हणजे खिळ्यांनी गिलावा खराब होणार नाही. उन्हाची तिरीप आणि पावसाळ्यातील ओल यांपासून चित्रे जपावीत. चित्राखाली चित्रकाराचे नाव व दोन ओळींची माहिती मराठीत असावी. जवळच्या टेबलावर त्याच विषयाची पुस्तके मांडावीत, म्हणजे चित्र पाहणारा वाचकही होईल. चित्रकाराकडून शुल्क घेऊ नये आणि पाहणाऱ्याला जात, धर्म, पंथ विचारू नये.

बत्तीस दिवसांचे भाडे ताळेबंदात तूट म्हणून दिसेल. ती तूट पहिल्या वर्षी मी माझ्या पदरची भरून देईन. घरातील एका चित्रकाराचे देणे माझ्याकडे चाळीस वर्षे थकले आहे. त्याचे व्याज मला फेडता येणार नाही, निदान मुद्दलाचा पहिला हप्ता तरी भरतो. दुसऱ्या एखाद्या घरातील मुलाचे चित्र तो पंधरा वर्षांचा असतानाच त्याच्या वडिलांच्या आणि थोरल्या भावाच्या दृष्टीस पडावे, एवढीच इच्छा आहे.

बोलण्यात काही अधिक-उणे झाले असल्यास मिच्छामि दुक्कडम्. जय जिनेंद्र.